मोठ्या एसयूव्हीचं डोलणं कमी करायचंय, पण आईची कंबर सांभाळून (नागपूर)

काटोलरोड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज मदत हवी म्हणून लिहितोय.

गाडी जर्मन बनावटीची, सात सीटर, डिझेल, २०१८ ची. सेकंड हँड घेतली, आता ६८ हजार किलोमीटर झालेत. रिकामी गाडीच २२०० किलोच्या आसपास भरते. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) नाही, लोखंडी स्प्रिंग आणि साधे शॉकअप. टायर २७५/४५ आर २० (रुंदी २७५ मिलिमीटर, भिंत रुंदीच्या ४५ टक्के, रिम २० इंची).

मागच्या महिन्यात आईला घेऊन चिखलदऱ्याला गेलो. अमरावती, परतवाड्यापर्यंत काही वाटलं नाही. घाट लागला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणापासून गाडी होडीसारखी कलायला लागली. स्टिअरिंग वळवलं की आधी बॉडी बाहेर झुकते, मग नाक वळतं, आणि वळण संपल्यावर उलट्या बाजूला आणखी एक हेलकावा. मी चाळिशीच्या वर गेलोच नाही, तरी आईला दोनदा गाडी थांबवून उतरावं लागलं. पोटात काही राहिलं नाही तिच्या.

आता दुसरी बाजू. हीच गाडी शहरात दणके देते. सिमेंट रोडच्या प्रत्येक जोडावर टक्-टक्, टक्-टक्. दोन वर्षांपूर्वी आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. आरशात बघतो तर ती दोन्ही हातांनी सीटची कड धरून बसलेली असते. काही बोलत नाही, पण बोटं पांढरी पडलेली दिसतात.

म्हणजे घाटात मऊ आणि गावात कडक. एकाच गाडीत हे दोन्ही कसं, हेच मला कळत नाही. तीन ठिकाणी विचारलं. एकजण म्हणाला लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) टाका, दुसरा म्हणाला मागे जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं रोखणारा दांडा) बसवा, तिसरा म्हणाला एवढ्या उंच गाडीत हे असंच असतं. नरखेडजवळ आमची संत्र्याची बाग आहे, आठवड्यातून दोन चकरा होतात, त्यामुळे काळ्या मातीवरचे लाटालाटांचे डांबरी रस्तेही रोजचेच.

वेगात गाडी पळवायची हौस नाही. वळणावर गाडी सांगितलेलं ऐकावी आणि आई मागे निवांत बसावी, एवढंच हवंय. सुरुवात कुठून करू?

स्पीडो३१

माझ्या मित्राने ३० मिलिमीटरने गाडी खाली घेतली आणि २१ इंची रिम टाकल्या. वळणावर आता रुळावर असल्यासारखी जाते. गुरुत्वमध्य खाली आला की डोलणं आपोआप कमी होतं. माझं मत तेच, लोअरिंग स्प्रिंग आणि मोठी रिम.

वऱ्हाडी_गडी

भाऊ, बागेत जाता ना तुम्ही? मंग गाडी खाली कायले करून राहिले? पावसाळ्यात पांदणीतून जाताना पोट घासलं तं ट्रॅक्टरनं ओढा लागते. अन् आपल्याकडचे स्पीड ब्रेकर काही मापानं बांधेल नाहीत. तुमच्या गाडीत आधी काहीतरी झिजलं असंन, ते पाहा. नवी होती तवा कंपनीनं असी डोलणारी गाडी विकली असती का?

हिंगणा_एमआयडीसी

वऱ्हाडी भाऊंचा शेवटचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे.

मी गाड्यांचे रबर-मेटल बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी नळ्या) बनवणाऱ्या कारखान्यात १८ वर्षं काढली आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. थोडं लांब लिहिते.

काटोलरोड, तुम्हाला जो विरोधाभास वाटतोय तो विरोधाभास नाही. ते दोन वेगळे आजार आहेत आणि दोन वेगळ्या भागांचे आहेत. नागपुरात राहून ते फार स्पष्ट दिसतात, कारण आपल्याकडे दोन टोकांचे रस्ते आहेत.

सिमेंट रोड घ्या. काँक्रीटचे आडवे जोड साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ८० ला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते, म्हणजे सेकंदाला जवळपास पाच ठोके. समृद्धीवर १२० ला गेलात तर जवळपास साडेसात. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या धक्क्याला सगळ्यात जास्त हळवं असतं ते नेमकं सेकंदाला चार ते आठ ठोक्यांच्या पट्ट्यात. पोट, पाठीचा कणा, सगळं तेव्हाच जास्त हलतं. म्हणजे ६५ पासून १३० पर्यंत कुठल्याही वेगाला सिमेंट रोड आईंच्या कमरेवरच नेम धरतो. हे ठोके एवढे छोटे आणि झटपट असतात की ते पहिल्यांदा टायरनेच गिळायचे असतात. टायरची भिंत बुटकी असेल किंवा हवा जास्त असेल तर ते सरळ आत येतात. स्प्रिंग मऊ असून उपयोग नाही.

आता काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचा रस्ता लाटेसारखा होतो. वीस मीटरच्या आसपासची लाट असेल आणि तुम्ही ८५ ला असाल, तर गाडी सेकंदाला सव्वाएक वेळा वर-खाली होते. आरामदायी गाडीची बॉडी स्प्रिंगवर स्वतःहून एवढ्याच लयीत डोलते, सेकंदाला एक ते दीड वेळा. झोक्याला त्याच्या तालात धक्का दिल्यासारखं होतं. तो झोका थांबवणं हे शॉकअपचं काम. शॉकअप थकलेत की गाडी एका लाटेवर तीनदा डोलते. घाटातला तुमचा ‘उलट्या बाजूचा आणखी एक हेलकावा’ हीच खूण आहे. मळमळ होते तीही अशा संथ हालचालींनी, त्याहूनही संथ म्हणजे पाच सेकंदांना एक झुलणं असेल तर सगळ्यात जास्त. ठोक्यांनी कंबर दुखते, झोक्यांनी पोट ढवळतं.

स्पीडो३१, लोअरिंगबद्दल हिशेब मांडते, राग मानू नका. अशा गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ७०० मिलिमीटरवर असतो. ३० ने खाली आणलात तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार चार टक्क्यांच्या आसपास कमी होतो. बदल्यात चाकाला वर जायला जी जागा होती त्यातले ३० मिलिमीटर गेले. ती संपली की गाडी बंप स्टॉपवर (चाकाची चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आपटते, आणि तो धक्का कुठल्याही कडक स्प्रिंगपेक्षा वाईट. मित्राची गाडी कमी कलते ती मुख्यतः स्प्रिंग कडक झाल्यामुळे, खाली आल्यामुळे कमी. मागच्या सीटवर बसून एकदा वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून जाऊन पाहा, पुलाच्या प्रत्येक जोडावर कळेल.

म्हणून स्प्रिंगला हात लावू नका. कंपनीने स्प्रिंग, बार, बुश, शॉकअप यांचा मेळ बसवण्यात काही वर्षं घालवलेली असतात. तुमच्या गाडीत तो मेळ मोडलाय, तो आधी परत जुळवा.

काय पाहायचं? सकाळी सहाला, गाडी रात्रभर उभी असताना, स्वतःच्या गेजने हवा मोजा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून पाहा. मग टायरच्या नक्षीवरून तळहात गोल फिरवा, आतल्या कडेलाही. उंच-सखल, खवल्याखवल्यांसारखं लागलं तर शॉकअप चाकाला जमिनीवर धरून ठेवत नाहीयेत. शॉकअपवर तेलाचा ओलावा आहे का, त्याला धूळ चिकटून काळा थर झालाय का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) मागचा मोठा बुश. बऱ्याच महागड्या गाड्यांत तो आतून द्रव भरलेला असतो. फुटला की खाली काळा ओघळ दिसतो. तो गेला की स्टिअरिंग आणि चाक यांच्यात ढिलाई येते, नाक उशिरा वळतं, ब्रेक मारला की गाडी किंचित एका बाजूला जाते. बोनेट दाबून गाडी हलवायची जुनी परीक्षा या वजनाच्या गाड्यांवर काही सांगत नाही, त्यावर विसंबू नका.

बघा आणि इथे लिहा.

स्पीडो३१

ताई, राग कसला. बंप स्टॉपचं मला माहीत नव्हतं. मित्राच्या गाडीत मागे बसल्यावर खड्ड्यात जो ‘ठक्’ येतो तो हाच असणार.

काटोलरोड

ताई, मनापासून आभार. आज सकाळी हवा मोजली आणि दुपारी ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी रॅम्पवर घेतली. जे दिसलं ते लिहितो.

हवा चारही चाकांत ४१ पीएसआय. स्टिकरवर दोन-तीन माणसांसाठी पुढे ३३, मागे ३५ लिहिलंय. ४१ हा आकडा भरलेल्या गाडीसाठी आहे आणि तोही फक्त मागच्या चाकांचा. मागच्या वेळी टायरच्या दुकानात ‘मोठी गाडी आहे, चाळीसच्या वर लागते’ म्हणून भरून दिली होती आणि मी तशीच ठेवली. वर्षभर आईने हे सोसलं, याचं वाईट वाटतं.

पुढचा डावा लोअर आर्म: मेकॅनिकने पहार घालून हलवला तर आर्म बोटभर सरकला. बुशच्या खाली वाळलेला काळा ओघळ होताच. उजवा एवढा वाईट नाही, पण रबराला भेग आहे. दोन्ही जंपिंग रॉडचे (अँटी-रोल बारला चाकाकडे जोडणाऱ्या छोट्या दांड्यांचे) बॉल ढिले. मागचा डावा शॉकअप तुम्ही सांगितला तसाच, तेल आणि धुळीचा थर. मागच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवला तर टाकी लावलेल्या जात्यासारखं खडबडीत लागलं.

विचित्र गोष्ट अशी की पुढचे बुश आधीच्या मालकाने ४२ हजार किलोमीटरवर बदललेले आहेत, बिल फाइलमध्ये आहे. २६ हजारांत कसे गेले?

हिंगणा_एमआयडीसी

बुशच्या बाबतीत मला जे वाटतं ते सांगते, कारण असे परत आलेले बुश मी शेकड्याने कापून पाहिलेत.

रबरी बुश ही बिजागिरी नाही. आतली नळी बोल्टने आवळली जाते, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली असते, आणि मधलं रबर दोन्हींना चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं. म्हणून गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनाने बसलेली असताना रबर सरळ, विनापिळाचं असायला हवं. गाडी जॅकवर टांगलेली, चाकं लोंबत असताना बोल्ट आवळला तर रबराची शून्य अवस्था तीच ठरते. मग गाडी खाली टेकवली की उभ्या उभ्याच ते पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक ब्रेकरला आणखी पिळतं. असा बुश आतल्या नळीजवळ कडेने फाटतो. वरून आपल्याकडचा मे महिना, ४५ अंशांची हवा, त्याहूनही तापलेला डांबरी रस्ता आणि शेजारी गरम एक्झॉस्ट. लवकर जाणारच.

म्हणून मेकॅनिकला स्पष्ट सांगा: सगळे बोल्ट आधी नुसते लावायचे, गाडी चाकांवर उभी राहील अशा चार खांबी रॅम्पवर घ्यायची, थोडी पुढे-मागे ढकलून स्थिर होऊ द्यायची, आणि मगच टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) कंपनीने दिलेल्या आकड्याला आवळायचं. तसा रॅम्प नसेल तर गॅरेजच्या खड्ड्यावर करा. पण टांगलेल्या गाडीवर शेवटचं आवळणं नको. ह्या एका गोष्टीवर तुम्ही स्वतः उभे राहून लक्ष ठेवा.

शॉकअप जोडीने बदला, मागचे दोन्ही. पुढचे कोरडे असले तरी ६८ हजार झालेत, बजेट असेल तर चारही. कंपनीला पुरवठा करणाऱ्या मूळ बनवणाऱ्याचेच घ्या, ‘स्पोर्ट’ शिक्क्याचे नकोत. वरचे माउंट आणि बंप स्टॉप नवे घालायला विसरू नका, अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

दाराच्या स्टिकरवर १९ इंची माप दिलंय का? काय आहे?

काटोलरोड

हो, २५५/५५ आर १९ दिलंय.

हिंगणा_एमआयडीसी

मग तुमचं काम झालं. २७५/४५ ची भिंत १२४ मिलिमीटर, २५५/५५ ची १४०. म्हणजे १६ मिलिमीटर जास्त रबर आणि हवा, आणि चाकाची एकूण उंची फक्त एक टक्का वाढते, त्यामुळे स्पीडोमीटर, एबीएस, सगळं जागेवर. चाक-टायर मिळून वजनही सहसा कमी होतं, आणि स्प्रिंगच्या खालचं वजन कमी झालं की चाक खड्ड्यानंतर पटकन जमिनीवर परत येतं. आराम आणि पकड दोन्ही एकाच वेळी सुधारणारी ही एक जागा आहे. टायरचा लोड इंडेक्स मात्र स्टिकरवर आहे तोच किंवा वरचा. १११ म्हणजे एका टायरला १०९० किलो.

भिंत उंच झाली की स्टिअरिंगची तीक्ष्णता किंचित कमी होते हे खरं आहे. पण सध्याच्या फाटक्या बुशपुढे ती तुम्हाला जाणवणारही नाही.

धंतोलीकर

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या गाडीला एअर सस्पेन्शन आहे, नऊ वर्षं जुनं. सकाळी गाडी मागच्या उजव्या कोपऱ्यात बसलेली असते, सुरू केली की उठते. गॅरेजवाले म्हणतात एअर बॅग (सस्पेन्शनचे हवेचे फुगे) काढून लोखंडी स्प्रिंगचं किट टाका, कटकट संपेल. टाकू का?

हिंगणा_एमआयडीसी

टाकू नका, निदान लगेच नको. एअर सस्पेन्शनचा मोठा गुण म्हणजे गाडीत दोन माणसं असोत की सात आणि सामान, गाडी त्याच उंचीला राहते आणि डोलण्याची लयही जवळपास तीच राहते. लोखंडी स्प्रिंगला ते जमत नाही. ती एका भाराला जुळवलेली, बाकी वेळी तडजोड. उंच एसयूव्हीत हे १९९२ च्या रेंज रोव्हरपासून येतंय, ते उगाच नाही. किट टाकलं की शॉकअपचं आणि स्प्रिंगचं जुळत नाही, आणि कॉम्प्युटर सतत दोष दाखवतो तो वेगळाच.

तुमची गळती आहे. साबणाचं पाणी स्प्रे बाटलीत घ्या, गाडी सगळ्यात उंच करून बॅगच्या खालच्या घडीवर मारा. रबर जिथे दुमडतं तिथेच बारीक भेगा पडतात. बुडबुडे आले की बॅग बदला, नाही आले तर नळीचा जोड आणि व्हॉल्व्ह ब्लॉक तपासा. उशीर करू नका. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर दिवसभर चालतो आणि जळतो, मग दुप्पट खर्च.

धंतोलीकर

घडीवरच बुडबुडे आले. बॅग मागवली. आभारी आहे ताई.

सदर_सर्किट

अँटी-रोल बारबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून माझा अनुभव. माझी गाडी पाच सीटर, तशीच जर्मन. मागचा बार २२ मिलिमीटरचा होता, २५ चा टाकला. तीन मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे दोन-तृतीयांशाने जास्त कडक.

फायदा खरा आहे. अशा गाड्यांचं नाक वळणात बाहेर जायला बघतं. मागचा बार जाड केल्यावर मागच्या चाकांनी भार वाटून घेतला, नाक आत यायला लागलं, कलणं कमी झालं. मी एकटा नागपूर-जबलपूर करतो, पेंचच्या जंगलातून जाणारा ४४ नंबरचा महामार्ग, तिथे गाडी फार सुंदर वाटते.

पण बार डाव्या-उजव्या चाकाला एकमेकांशी बांधतो. रस्त्याची एकच कड फुटलेली असेल तर एका चाकाचा धक्का दोन्हीकडे जातो आणि डोकं डावीकडून उजवीकडे झटकलं जातं. बायकोने दोन दिवसांत सांगितलं की मान दुखते. गावाकडच्या रस्त्यांना, आणि मणक्याचं ऑपरेशन झालेल्या आईला मागे बसवून, मी हे सुचवणार नाही. बार इलेक्ट्रिक मोटरने हवा तेव्हाच कडक होणारा असेल तर गोष्ट वेगळी. तसं २०१६ च्या ऑडी एसक्यू७ मध्ये ४८ व्होल्टवर आलं. सरळ रस्त्यावर डावं-उजवं सुटं, वळणात बांधलेलं. पण ते गाडीसोबतच येतं, मागाहून लावता येत नाही.

वकीलवाडा

एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात तेच अधोरेखित केलं. अपघाताचा दावा आला की विमा कंपनी आधी हेच शोधते. दाराच्या स्टिकरवरचं टायरचं माप, मूळ प्रतीचे शॉकअप आणि बुश यात काहीच अडचण नाही. लोअरिंग आणि स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) यात आहे. शिवाय समोर कॅमेरा-रडार असलेल्या गाड्यांत उंची बदलली की त्यांची नजरही बदलते, ते पुन्हा जुळवून घ्यावं लागतं.

वऱ्हाडी_गडी

काटोलरोड भाऊ, काम झालं का नाही अजून? वाट पाहून राहिलो.

काटोलरोड

झालं भाऊ. मुद्दाम उशिरा लिहितोय, कारण आधी एक-एक टप्पा वेगळा अनुभवायचा होता, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल.

पहिला आठवडा फक्त हवा. पुढे ३३, मागे ३५. रुपयाही खर्च नाही. सिमेंट रोडवरचा ठोका तिथेच निम्मा झाला असं माझं मत. आई म्हणाली, “रस्ता नीट केला वाटतं.” रस्ता तोच होता. सकाळी थंड असताना ३३, दुपारी बागेतून परत आल्यावर ३८ दाखवतं. आधी घाबरलो आणि काढायला निघालो होतो, मग वाचलं की गरम टायरची हवा काढायची नसते, रात्री गार झाला की ती कमी भरते. तशीच ठेवली.

मग बुश, दोन्ही लोअर आर्म, जंपिंग रॉड, आणि चारही शॉकअप माउंटसकट. दोन दिवस गॅरेजमध्येच बसलो. मेकॅनिक तरुण आणि कामाचा आहे, पण त्यानेही आधी गाडी टांगलेली असतानाच बोल्टला इम्पॅक्ट गन लावली. मी थांबवलं, ताईंचा मजकूर त्याला मोबाइलवर वाचून दाखवला. त्याने शांतपणे वाचला, फाटलेला जुना बुश हातात घेऊन फाट कुठे आहे ती पाहिली. नळीजवळ, कडेने, अगदी लिहिलं होतं तशी. मग स्वतःहून गाडी अलाइनमेंटच्या रॅम्पवर घेऊन, चाकांवर उभी करून, टॉर्क रेंचने आवळलं. जुना बुश त्याने टेबलावर ठेवून घेतला, पोरांना दाखवायला म्हणाला.

फरक स्टिअरिंगमध्ये पहिल्याच चौकात कळला. आधी मी स्टिअरिंग फिरवायचो आणि वाट पाहायचो. आता हात हलला की नाक हलतं. सावनेरच्या पुढच्या लाटांच्या पट्ट्यात गाडी एकदा वर जाते, एकदा खाली येते आणि गप्प बसते. पूर्वी मागच्या डिकीतल्या क्रेट आपसात वाजायच्या, त्या वाजणं बंद झालं.

शेवटी १९ इंची रिम, कंपनीच्याच पण वापरलेल्या, आणि नवे २५५/५५ टायर. आमच्या संत्र्याच्या वजनकाट्यावर दोन्ही चाकं ठेवून पाहिली. २० इंची साडेचौतीस किलो, १९ इंची एकतीस. एका चाकामागे साडेतीन किलो. अलाइनमेंटमध्ये मागचा टो (चाकाच्या पुढच्या कडेचा आत-बाहेर कल) बराच बाहेर होता, टायरची आतली कड का खाल्ली गेली ते समजलं. सगळं मिळून अडीच लाखांच्या आत बसलं, त्यातला मोठा वाटा शॉकअप आणि टायरचा.

रविवारी परत चिखलदरा. आईला विचारलं तर आधी नको म्हणाली. मग बहिणीला सोबत घेतलं म्हणून तयार झाली. घाटात मी मुद्दाम त्याच वेगाने गेलो, चाळीस. गाडी कलते अजूनही, उंच आहे ती कलणारच, पण एकदाच कलते, ठरावीक ठिकाणी थांबते आणि वळण संपलं की सरळ होते. तो उलटा हेलकावा गेला. वळणाआधीच वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही, हे मी स्वतःलाही शिकवलं, त्याचाही वाटा असेल. अर्ध्या घाटात आरशात पाहिलं तर आईचे हात मांडीवर होते आणि ती बहिणीला खिडकीतून दरी दाखवत होती.

लोअरिंग नाही, बार नाही. सध्या मला आणखी काही नको.

हिंगणा_एमआयडीसी

फार बरं वाटलं वाचून. मेकॅनिकने बुश पोरांना दाखवायला ठेवला, हे मला सगळ्यात आवडलं. पाच हजार किलोमीटरनंतर टायरवरून परत हात फिरवा, आणि लोअर आर्मचे बोल्ट एकदा तपासून घ्या.

स्पीडो३१

काटोलरोड दादा, २० इंची रिम विकणार आहात का? मित्र त्याच्या २१ काढून टाकतोय, मूळ स्प्रिंगही परत लावतोय. त्याची गाडी तुमच्याच मॉडेलची.

काटोलरोड

रिम द्यायच्या आहेत, दोन थोड्या घासलेल्या आहेत, वाकलेली एकही नाही. पण मॉडेल एक असलं तरी त्याच्या दाराच्या स्टिकरवर २७५/४५ आर २० आहे का ते आधी बघायला सांगा, आणि रिमच्या आतल्या बाजूला कोरलेला ऑफसेटचा (रिम किती आत-बाहेर बसते त्याचा) आकडा त्याच्या मूळ रिमशी जुळवा. टायर मात्र देणार नाही. आतली कड गेलेली आहे, कोणाच्याही गाडीला लावू नयेत.